व्हिया आप्पिया: दगडांना तीन तारे, आखणीला पाच

रोमहून दक्षिणेला निघणाऱ्या व्हिया आप्पिया या प्राचीन रोमन रस्त्यावर जाणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा एकच चित्र असतं: दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि मध्ये तेवीसशे वर्षांपूर्वी बसवलेले काळेभोर दगड. पोर्टा सान सेबास्तियानो या वेशीतून बाहेर पडल्यावर पहिले तीन किलोमीटर यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. दोन्हीकडे उंच भिंती, फुटपाथ नाही, अंगाला घासून जाणाऱ्या मोटारी, आणि पायाखाली लहान चौकोनी चिऱ्यांची अलीकडची फरसबंदी. मग 'नाव मोठं, लक्षण खोटं' म्हणत लोक परत फिरतात.

हा रस्त्यावर अन्याय आहे, पण त्याची जाहिरात करणाऱ्यांनीच तो ओढवून घेतलाय. पहिल्या दिवशीचे दगड या रस्त्यावर कुठेच नाहीत, कारण पहिल्या दिवशी हे दगड बसवलेच नव्हते. आप्पियाचा खरा माल आहे तिची आखणी. फरसबंदी नंतर आली, अनेकदा उखडली, अनेकदा बदलली. हे डोक्यात ठेवून गेलात तर रस्ता पैसे वसूल करून देतो.

आधी माल काय आहे ते पाहू

इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पिउस क्लाउदिउस काएकुस हा रोमचा सेन्सॉर होता. सेन्सॉर म्हणजे नागरिकांची गणती आणि सरकारी बांधकामांची कंत्राटं सांभाळणारा अधिकारी. डोंगराळ भागातल्या सॅम्नाइट लोकांशी रोमचं दुसरं युद्ध चालू होतं आणि कापुआपर्यंत फौज झटपट पोचवायची होती. त्यासाठी रोम ते कापुआ हा १३२ रोमन मैलांचा रस्ता काढला. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, साधारण १,४८० मीटर, म्हणजे एकूण अंतर सुमारे १९५ किलोमीटर. याच सेन्सॉरने रोमला पाणी आणणारा पहिला कालवाही बांधला. इतिहासकार दिओदोरुस लिहितो, की त्याने उंचवटे कापले, घळी भरावांनी बुजवल्या आणि या खटाटोपात सरकारी महसूल संपवून टाकला. रस्त्याला सरकारी कार्यालयाचं किंवा गावाचं नाव न देता बांधणाऱ्याचं नाव देण्याची रोमन रीत इथूनच रुळली.

दक्षिणेला जायला व्हिया लातिना ही जुनी वाट होतीच. ती डोंगरांमधल्या खोऱ्यांतून जायची. आप्पियाने वेगळा विचार केला: वाटेतल्या गावांची सोय न पाहता सरळ समुद्राकडे उतरायचं. रोम ते तेर्राचिना हे ९० किलोमीटरच्या आसपासचं अंतर नकाशावर पट्टी ठेवल्यासारखं आहे. आल्बान टेकड्यांपाशी थोडी वळणं सोडली, तर रेषा हलतच नाही. टेकड्या उतरल्यावर तेर्राचिनापर्यंतचा सपाटीचा जवळजवळ ४० किलोमीटरचा पट्टा तर आजही इटलीतल्या सर्वांत सरळ रस्त्यांत मोडतो.

हे काम ग्रोमा नावाच्या साध्या उपकरणावर झालं. उभा दांडा, त्यावर काटकोनातली फुली आणि फुलीच्या चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरच्या दोन ओळंब्यांच्या दोऱ्या एका रेषेत दिसल्या, की त्या रेषेत पुढचा खांब रोवायचा. उपकरणाची खोड एकच: वारा सुटला की ओळंबे झुलतात आणि रेषा चुकते. अलेक्झांड्रियाच्या हेरो या प्राचीन गणितज्ञाने याबद्दल स्पष्ट तक्रार नोंदवली आहे. तरीही ९० किलोमीटरची रेषा साधली. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण पाच तारे द्यायचे तर ते इथेच.

दगड केव्हा आले

सुरुवातीचा रस्ता खडी-मुरमाचा होता. त्यानंतरची कामं रोमन इतिहासकार लिवीने नोंदवून ठेवली आहेत, आणि ती वाचताना टप्प्याटप्प्याने निधी मिळणारं कुठलंही सरकारी काम आठवतं. इ.स.पू. २९६ च्या सुमारास सावकारांकडून वसूल केलेल्या दंडाच्या पैशातून पोर्टा कापेना (जुन्या तटबंदीची वेस) ते मार्सचं देऊळ एवढीच चौरस चिऱ्यांची पायवाट झाली, म्हणजे शहराबाहेरचा जेमतेम मैल-दीड मैल. दोन-तीन वर्षांनी देवळापासून बोविल्ले गावापर्यंत काळ्या दगडाची फरसबंदी झाली. बोविल्ले बाराव्या मैलावर. इ.स.पू. १८९ मध्ये वेशीपासून देवळापर्यंतचा तोच पहिला तुकडा पुन्हा करावा लागला. पहिल्या मैलावर सर्वांत जास्त वर्दळ, म्हणून तो सर्वांत आधी खराब. इतकं सरळ गणित.

रस्ता पुढे कापुआहून बेनेव्हेन्तो, व्हेनोसा, तारान्तो करत ब्रिंदिसीच्या बंदरापर्यंत वाढला. पूर्ण लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. ब्रिंदिसीहून जहाजाने ग्रीस.

चार थरांची थाप

रोमन रस्त्याचा छेद दाखवणारं चित्र तुम्ही पाहिलंच असेल: तळाला मोठे दगड, त्यावर चुन्यातली जाड खडी, त्यावर बारीक काँक्रीट, वर फरसबंदी. चारही थरांना भारदस्त लॅटिन नावं. शाळेच्या पुस्तकात हेच, पर्यटन फलकावरही हेच.

ही नावं रस्त्याची नाहीतच. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने ती आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात घरातल्या जमिनीसाठी दिली आहेत. १६२२ मध्ये निकोला बेर्जिए या फ्रेंच अभ्यासकाने रोमन रस्त्यांवर मोठा ग्रंथ लिहिताना तीच पद्धत रस्त्याला लावली, आणि पुढच्या चार शतकांत ती कुणी सोडली नाही. खोदून पाहिलं तर जागोजागी वेगळं चित्र दिसतं. खाली पक्का खडक असेल तर पायाचं काम थोडं. माती असेल तर दगडांचं सोलिंग आणि ठोकून बसवलेली खडी. दलदलीत उंच भराव. चुन्यातलं काँक्रीट रस्त्याखाली क्वचितच. रोमन मुकादम जमीन पाहून काम करायचा, पुस्तक पाहून नाही.

खरी कृती हवी असेल तर ती इ.स. ९५ मधल्या व्हिया दोमित्सियानाच्या वर्णनात मिळते. हा आप्पियाला सिनुएस्साजवळ फुटलेला फाटा. कवी स्तातिउसने ते काम चालू असतानाचं वर्णन केलं आहे आणि त्याचा क्रम कामावरचा माणूस सांगेल तसा आहे. आधी दोन समांतर चर खणून रस्त्याच्या कडा ठरवायच्या. मग मधली माती खोलवर काढून टाकायची. तो खड्डा वेगळ्या, घट्ट बसणाऱ्या मालाने भरायचा, म्हणजे वरचा दगड डळमळणार नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी कडेचे दगड दाबून बसवायचे आणि मध्ये मध्ये खुंटीसारखे उभे दगड ठोकून सगळं जखडून टाकायचं.

यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. फरसबंदीचे दगड चुन्याने जोडलेले नाहीत. ते एकमेकांना आणि कडेच्या दगडांना दाबून उभे असतात. कडेचा एक दगड निसटला की शेजारचे बाजूला सरकतात, सांधे उघडतात, पाणी आत शिरतं, खालची बारीक खडी वाहून जाते आणि दगड कलंडतो. आज आप्पियावर जिथे जिथे पाय मुरगळतो, तिथे कडेकडे पाहा. नव्वद टक्के वेळा कडेचा दगड गायब असतो. (आकडा अंदाजाचा आहे, निरीक्षण नाही.)

दगडाची परीक्षा

रोमजवळच्या फरसबंदीचा दगड म्हणजे आल्बान ज्वालामुखीतून वाहून आलेला काळा लाव्हा. या लाव्ह्याची एक जीभ थेट रोमच्या दिशेने आली आणि चेचिलिया मेतेल्लाच्या समाधीपाशी थांबली. आप्पियाने कित्येक मैल याच जिभेच्या पाठीवरून वाट काढली. त्यामुळे पाया आयता मिळाला, दोन्ही बाजूंना पाण्याचा उतार मिळाला, आणि दगडाच्या खाणी रस्त्याच्या कडेलाच. आखणीला पाच तारे का, याचं आणखी एक उत्तर.

घडवलेला दगड वरून अनियमित बहुकोनी, साधारण सपाट, आणि खाली निमुळता. दाताच्या मुळासारखा तो खालच्या थरात रुततो. नवा असताना सांधे इतके बारीक, की सहाव्या शतकात इतिहासकार प्रोकोपिउसला हे दगड एकत्र उगवल्यासारखे वाटले. आज दिसणाऱ्या बोटबोटभर फटी आणि गोलसर टेकाडं म्हणजे कडा झिजल्याची आणि सांध्यातला माल धुऊन गेल्याची खूण.

सर्वसाधारण रुंदी १४ रोमन फूट, म्हणजे सुमारे ४.१ मीटर. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील एवढी. मधोमध पाठ थोडी उंच, पाणी दोन्हीकडे ओघळावं म्हणून. कडेच्या दगडांपलीकडे ठोकलेल्या मातीच्या पायवाटा. पायी चालणारे बरेचदा तिकडूनच जात, आणि चालून पाहिलं की कारण कळतं.

आता तोटे. हा दगड झिजत नाही असं म्हणतात ते खोटं. तो हळू झिजतो आणि झिजताना गुळगुळीत होतो. ओला असताना उताराच्या जागी नालाशिवायच्या जनावराचाही पाय घसरेल, बुटांचं तर सोडाच. लोखंडी धाव बसवलेली चाकं आणि मध्ये सापडणारी कच यांनी दगडात खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. या चाकोऱ्या रस्ता तपासायचं उत्तम साधन आहेत. चाकोरी एका दगडावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर सलग जात असेल, तर ते दगड चाकोरी पडल्यापासून आपल्या जागी आहेत. चाकोरी मध्येच तुटली, आडवी गेली किंवा एकाच दगडावर कोपऱ्यात दिसली, तर तो दगड नंतर कुणीतरी उचलून पुन्हा बसवलेला. हे एकदा लक्षात आलं की 'अस्सल रोमन' म्हणून दाखवलेल्या तुकड्यांपैकी किती नंतर लावलेले आहेत ते आपलं आपल्याला दिसू लागतं.

दगड निवडण्यात रोमनांचीही चूक झाली होती. इ.स. २१६ च्या शिलालेखात सम्राट काराकाल्ला सांगतो, की आधी पांढऱ्या दगडाने निरुपयोगी रीतीने बांधलेला आणि खराब झालेला २१ मैलांचा रस्ता त्याने नव्या काळ्या दगडाने स्वखर्चाने बांधला. पांढरा दगड म्हणजे तेर्राचिनाच्या बाजूला हाताशी मिळणारा चुनखडक. जवळचा, स्वस्त, आणि चाकांखाली पीठ होणारा. ही चूक दुरुस्त करायला कितीतरी पिढ्या गेल्या.

खर्चाचा एक अस्सल हिशोब

रस्त्याची किंमत काय, हा प्रश्न समीक्षेत यायलाच हवा, आणि आप्पियाच्या बाबतीत उत्तर दगडावर कोरलेलं आहे. इ.स. १२३ मध्ये हेड्रियनने बेनेव्हेन्तोपासून पुढचा १५ मैल ७५० पावलांचा, जुनाट होऊन मोडलेला तुकडा नव्याने केला. सम्राटाने ११,४७,००० सेस्तेर्स (रोमन नाणी) घातले आणि शेजारच्या जमीनमालकांनी ५,६९,१०० दिले. बेरीज १७,१६,१००, म्हणजे मैलाला जवळजवळ १,०९,००० सेस्तेर्स. एक तृतीयांश रक्कम ज्यांच्या शेतातून रस्ता जातो त्यांनी भरली आहे. रोमन रस्ते सरकारने एकट्याने सांभाळले, ही समजूत या एका शिलालेखाने निकालात निघते. आणखी एक बाब: हा आकडा नवा रस्ता काढण्याचा नाही, डागडुजीचा आहे.

आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय

रोमन कवी होराशने इ.स.पू. ३७ च्या आसपास रोम ते ब्रिंदिसी प्रवास केला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. तो म्हणतो, घाई नसलेल्याला आप्पिया कमी त्रास देते. चपळ माणूस जे अंतर एका दिवसात काटतो, त्याला त्याने दोन दिवस लावले. फोरुम आप्पी इथलं पाणी इतकं वाईट, की पोट बिघडल्यामुळे त्याने जेवणच टाळलं. तिथून पुढे रस्ता सोडून तो रात्री नावेत बसला: खेचर ओढत असलेली नाव, डास, बेडकांचा कालवा, नावाड्याचं गाणं. मग नावाडी खेचर दगडाला बांधून घोरत पडला आणि उजाडल्यावर कळलं की नाव जागची हललीच नाही. एका प्रवाशाने उडी मारून नावाडी आणि खेचर दोघांनाही बदडलं.

हे गमतीचं वाटतं, पण त्यात रस्त्याबद्दलची मोठी माहिती आहे. पोंतिनो दलदलीतून १९ मैलांचा कालवा रस्त्याला समांतर गेला होता, आणि उत्तम रस्ता शेजारी असता तर रात्रभर डास खात कुणी नावेत बसलं नसतं. हाच पट्टा आप्पियाचा सर्वांत कमकुवत दुवा. सम्राट त्राजानने तिथे पक्का दगडी रस्ता आणि पूल केले. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला गॉथ राजा थिओडोरिकच्या राज्यात देसिउस नावाच्या सरदाराला पुन्हा पाणी काढावं लागलं, त्याचा शिलालेख तेर्राचिनाला आहे. नंतर हा भाग पार बुडाला. १७७७ पासून पोप सहावा पिउस याने कालवे खणून आप्पिया पुन्हा वर काढली, आणि दलदल पूर्ण हटली ती १९३० च्या दशकात. आखणी कितीही सरळ असो, तळातलं पाणी रोज काढावं लागतं.

प्रोकोपिउसने सहाव्या शतकात या रस्त्याला भरभरून दाद दिली: सडाफटिंग माणसाला रोम ते कापुआ पाच दिवस, दगड अजून घट्ट, वर चकाकी तशीच. फक्त हे सगळे दगड आप्पिउसनेच नऊशे वर्षांपूर्वी बसवले असं त्यानेही धरून चाललं. आजच्या पर्यटकाची चूक इतकी जुनी आहे. आणि 'रस्त्यांची राणी' हे बिरूद पुन्हा स्तातिउसचं. तो कवी होता आणि सम्राटाचा खुशामतगारही होता, पण हे एक वाक्य त्याने खरं लिहिलं.

सर्वांत अनपेक्षित चाचणी १९६० मधली. रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन संध्याकाळी सुटली, परतीचा मार्ग मशालींच्या उजेडात आप्पिया आंतिकावरून (म्हणजे जुन्या आप्पियावरून) होता, आणि इथिओपियाचा आबेबे बिकिला ती अनवाणी धावून २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. तुम्ही मात्र जाड तळाचे बूट घाला.

प्रत्यक्ष जायचं तर

वेशीपासून चालत सुरुवात करू नका. पोर्टा सान सेबास्तियानोमध्ये तटबंदीचं संग्रहालय आहे, ते पाहायचं असेल तर वेगळं जा. वेशीबाहेर थोड्याच अंतरावर भिंतीत पहिल्या मैलाच्या दगडाची प्रतिकृती आहे. मूळ दगड रोममधल्या काम्पिदोल्यो टेकडीवरच्या कठड्यावर नेऊन ठेवलाय. त्यापुढे 'क्वो व्हादिस' चर्चपर्यंत आणि पुढेही मोटारींचं राज्य. चालायचंच असेल तर चर्चपाशी फाट्यावरून सान काल्लिस्तोच्या आवारातला अंतर्गत रस्ता धरा. शांत आहे, सावली आहे, आणि तो आप्पियाला समांतर जाऊन सान सेबास्तियानो चर्चजवळ बाहेर काढतो. सान काल्लिस्तोचे कॅटकोम (जमिनीखाली खणलेली दफनस्थळं) बुधवारी बंद असतात, त्या दिवशी हा मार्ग धरून बेत आखू नका. कॅटकोम इथेच का, याचं उत्तरही रस्त्याने दिलंय: शहराच्या हद्दीत पुरायला बंदी होती, म्हणून थडगी रस्त्याच्या कडेला, आणि लाव्ह्याच्या जिभेबाहेरचा टफ (ज्वालामुखीच्या राखेचा) दगड मऊ, सहज खणता येणारा.

मेट्रोने कोल्ली आल्बानी स्थानकाला उतरून ६६० क्रमांकाची बस घेतली, की ती थेट चेचिलिया मेतेल्लाच्या जवळ सोडते. खरा रस्ता इथून सुरू. पहिला खराब टप्पा वाचतो आणि पाय ताजे राहतात.

चेचिलिया मेतेल्लाची समाधी म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातला जवळपास ३० मीटर व्यासाचा दगडी दंडगोल. वरच्या पट्ट्यात बैलांच्या कवट्या कोरल्या आहेत, म्हणून परिसराचं नाव कापो दी बोव्हे, बैलाचं डोकं. मध्ययुगात काएतानी घराण्याने हिला किल्ल्याचा बुरूज केलं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जकात वसूल केली. जकातीला कंटाळून लोक दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. तिकीट काढून आत गेलात तर तळघरात उतरायला विसरू नका: लाव्ह्याच्या जिभेचं टोक तिथे उघडं दिसतं. ज्या दगडावर तुम्ही पुढचे तीन तास चालणार, त्याचा उगम. बहुतेक लोक वर फोटो काढून निघून जातात.

सरकारी स्थळं सोमवारी बंद असतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. रविवारी आप्पियावर मोटारींना बऱ्यापैकी मज्जाव असतो, पण त्याच दिवशी सायकलींची जत्रा असते. शांतता हवी तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी या.

मेतेल्लापासून पुढे काळ्या दगडांचे तुकडे येऊ लागतात आणि मध्ये मध्ये पुन्हा चौकोनी चिरे. चौथ्या मैलापासून दोन्ही बाजूंच्या कोरड्या दगडी भिंती आणि थडग्यांचे अवशेष विटांच्या चौकटीत बसवलेले दिसतात. हे रोमन काम नाही. लुइजी कानिना या वास्तुविशारदाने १८५० ते १८५३ दरम्यान पोप नववा पिउस याच्या सांगण्यावरून रस्ता मोकळा केला आणि सापडलेले तुकडे सापडले त्याच जागी भिंतीत लावले. त्या काळी सुंदर तुकडा थेट संग्रहालयात जायचा. तो जागेवरच ठेवणं ही मोठी गोष्ट होती. पाइन आणि सायप्रसही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. झाडं छान दिसतात, पण त्यांची उथळ मुळं फरसबंदी उचलतात.

सहाव्या मैलाजवळचं कासाल रोतोंदो हे या रस्त्यावरचं सर्वांत मोठं थडगं, ज्याच्या डोक्यावर नंतर एक शेतघर बांधलं गेलं. त्याआधी पाचव्या मैलापाशी व्हिला क्विंतिली. या घराण्यातले दोन भाऊ इ.स. १८२ मध्ये सम्राट कोम्मोदुसने मारवले आणि व्हिला सम्राटाची झाली. तिचं मुख्य प्रवेशद्वार आप्पिया आंतिकावर नसून पलीकडच्या आप्पिया नुओव्हावर आहे. आंतिकाकडचं दार नेहमी उघडं असेलच असं धरू नका, नाहीतर भलामोठा वळसा पडतो.

पुढे रोमचा रिंगरोड. १९५० च्या दशकात त्याने आप्पियाला आडवं कापलं. जोड परत बसला तो २००० च्या महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने, रिंगरोड बोगद्यात घालून. आज वरून जाताना खाली हजारो मोटारी आहेत हे कळतही नाही. या पट्ट्यावर बंगले आणि जलतरण तलाव कसे उगवले, याविरुद्ध अंतोनियो चेदेर्ना या पत्रकाराने १९५३ पासून आवाज उठवला. त्याचा संग्रह कापो दी बोव्हेच्या वास्तूत ठेवलाय आणि तिथे प्रवेश फुकट आहे. आप्पियाची रखवाली कुणी केली हे समजून घ्यायला अर्धा तास पुरेसा.

वेशीपासून फ्रात्तोक्किएपर्यंत सलग चाललात तर सुमारे १६ किलोमीटर. मेतेल्लापुढे दुकानं जवळजवळ नाहीत, तेव्हा पाणी भरून घ्या. दुपारी सावली कमी. सायकल भाड्याने घेणार असाल तर जाड टायरचीच घ्या आणि कडेच्या मातीच्या पट्टीवरून चालवा. दगडांवर दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. परतीला सान्ता मारिया देल्ले मोले स्थानकावरून रोमची लोकल मिळते.

फ्रात्तोक्किएजवळ एक चमत्कारिक थांबा: मॅकडोनाल्ड्सची शाखा. २०१४ मध्ये बांधकामाच्या वेळी आप्पियाला फुटलेल्या फाट्याचा सुमारे ४५ मीटरचा तुकडा सापडला, कंपनीच्या खर्चाने तो उघडा केला गेला आणि २०१७ पासून काचेच्या जमिनीतून तो दिसतो. बर्गर न घेताही खाली उतरता येतं. फरसबंदीचा छेद, गटार आणि कडेचे दगड इतक्या स्वच्छपणे बाहेर सहसा दिसत नाहीत, हे जरा लाजत का होईना मान्य करावं लागतं.

रोमच्या पलीकडे

बहुतेकांची आप्पिया इथे संपते, आणि हीच त्यांची चूक. आरिच्चाला खोऱ्यात उतरा: रस्त्याचा चढ सौम्य ठेवण्यासाठी बांधलेला सुमारे २३० मीटर लांबीचा दगडी भराव शेतांमधून जातो. तेर्राचिनाला पिस्को मोंतानो. आप्पिउसचा रस्ता इथे डोंगर चढून जायचा. त्राजानने समुद्राकाठचा कडाच उभा कापला आणि चढ टाळला. किती कापलं याचा हिशोब दर दहा फुटांवर रोमन आकड्यांत कोरलाय, तळाशी १२०, म्हणजे जवळपास ३६ मीटर. हे आकडे आजही चालू रस्त्यावरून दिसतात. मधला पोंतिनोचा सरळ पट्टा मात्र गाडीनेच काटा. तिथे वाहनं सुसाट असतात आणि पायी माणसाला जागा नाही.

दगडांना तीनच तारे म्हटलं, त्याला एक अपवाद: फोंदी आणि इत्रीमधली सान्तान्द्रेआची खिंड. सुमारे तीन किलोमीटर, मोटारी नाहीत, आणि रोमन आधारभिंतींपासून बोर्बन राजांच्या डागडुजीपर्यंत प्रत्येक काळाचं काम एकावर एक वाचता येतं. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर रोमजवळचा पट्टा सोडून इथे या. मिंतुर्नोच्या उत्खननात रस्ता शहराचा मुख्य मार्ग होऊन मधून जातो, तेही चांगलं. बेनेव्हेन्तोला इ.स. ११४ ची त्राजानची कमान आहे. ती त्याने इथून ब्रिंदिसीकडे काढलेल्या नव्या, सोप्या रस्त्याच्या तोंडाशी उभी केली. तो रस्ता झाल्यावर व्हेनोसा-तारान्तोकडची जुनी आप्पिया मागे पडली, आणि आज त्या बाजूला मेंढपाळांच्या वाटा आणि शेतांच्या बांधांखाली रेषा शोधावी लागते. अनुभवी चालणाऱ्यांनीच तिकडे जावं.

जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने आप्पियाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, इटलीचं साठावं स्थळ. नोंद एका अखंड रस्त्याची नाही, १९ वेगवेगळ्या तुकड्यांची आहे. प्रामाणिक नोंद.

शेवटचं टोक ब्रिंदिसीच्या बंदरावर. तिथे रस्त्याच्या टोकाशी दोन खांब होते. एक अजून उभा आहे, सुमारे १९ मीटरचा. दुसरा १५२८ मध्ये कोसळला, त्याची फक्त बैठक उरली आहे, आणि त्याचे तुकडे नंतर लेच्चे शहराला दिले गेले. तिथल्या चौकात त्यांच्यावर सान्तोरोन्झो संताचा पुतळा उभा आहे. लेच्चे ब्रिंदिसीहून आगगाडीने अर्ध्या तासावर, तेव्हा एकाच दिवसात दोन्ही होतात.